गळतंय कुठून?

‘मावशी, आज परत पॅसेजमध्ये पाणी? किती वेळा सांगू, बाथरूम धुऊन झालं की वायपर नीट मारत जा हो.’

हे वाक्य मी दीड वर्षात किती वेळा बोलले असेन, देव जाणे! कधी चिडून, कधी उसनं हसू आणून, कधी नुसत्याच भुवया उंचावून. मावशी आमच्याकडे नऊ वर्षं कामाला येताहेत. त्या दर वेळी एकच करायच्या. दारामागचं फडकं घ्यायच्या, ओली जागा पुसायच्या, फडकं पिळून कठड्यावर टाकायच्या आणि भांड्यांकडे वळायच्या. एकदाच, फक्त एकदाच त्या म्हणाल्या होत्या, ‘ताई, मी मारते वायपर. हे पाणी दारातनं नाही येत. काचेच्या खालनं येतंय.’

मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. ‘बरं, बरं’ म्हटलं आणि विषय तिथेच संपला.

तर ही काच. तिची हौस माझीच, हे आधी कबूल करते. 2021 मध्ये आम्ही ठाण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम नवीन केलं. कधीतरी एका हॉटेलात काचेआडचा शॉवर बघितला होता. आंघोळ झाली तरी बेसिनपाशी पाय कोरडे! मनात ते बसलं होतं. काँट्रॅक्टरने सांगितलं, हा तुमचा वेट एरिया, हा ड्राय एरिया. मध्ये मार्बलचा तीन इंची उंबरा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं चॅनेल आणि चॅनेलमध्ये आठ मिलिमीटरची टफन्ड काच. नहाणी ट्रॅप फक्त आतल्या बाजूला. ‘बाहेर पाणी येणारच नाही, मग ट्रॅप कशाला मॅडम?’ सासूबाईंनी येऊन एकदा बघितलं आणि म्हणाल्या, ‘न्हाणीघराला शोकेस कशाला गं?’ तेव्हा मला हसू आलं होतं.

आता वाटतं, आपल्या जुन्या मोऱ्या दिसायला जेमतेम होत्या, पण त्यांना एक गोष्ट पक्की कळत होती. पाणी सांडणारच, हे धरून त्या बांधलेल्या असायच्या. घंगाळ कलंडो, मूल पाण्यात खेळो, सगळ्या फरशीचा उतार एकाच भोकाकडे. आमचं नवं बाथरूम ‘पाणी इथे येणार नाही’ अशा भरवशावर उभं होतं. तो भरवसा म्हणजे करंगळीएवढी सिलिकॉनची एक रेघ! असो.

पाणी झिरपत होतं ते उंबऱ्याच्या बाहेर, बेसिनच्या बाजूला. तिथून लाकडी चौकटीच्या पायाशी आणि मग पॅसेजमध्ये. रोज पेलाभर, फार तर दोन पेले. मी पुसायचे, मावशी पुसायच्या, सासूबाई पायाने पायपुसणं सरकवून ठेवायच्या. आमच्या ह्यांचं उत्तर तयार असायचं, ‘अगं, आंघोळ झाली की पुसून घेत जा ना जरा.’ ह्यात त्यांची काही वाईट भावना नव्हती, हे मी शपथेवर सांगते. त्यांना खरंच वाटायचं की पाणी दिसलं की पुसणं हाच त्यावरचा इलाज. मलाही तेच वाटत होतं की! फक्त माझ्या वाक्यात ‘मी’च्या जागी ‘मावशी’ होत्या, इतकाच फरक.

मग जानेवारीतल्या एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. ‘अगं, जरा खाली येतेस? तुला एक दाखवायचंय.’ त्यांच्या बाथरूमच्या छतावर पोपडे धरलेला पिवळट डाग होता. त्याच्या कडेने पेन्सिलच्या रेघा आणि प्रत्येक रेघेपाशी बारीक अक्षरात तारीख. गणेशोत्सवापासूनच्या! काकू एकट्या राहतात, वय पंच्याहत्तरच्या पुढे. स्टुलावर चढून त्यांनी त्या रेघा मारल्या होत्या. ‘तुला लगेच म्हणणार होते, पण म्हटलं आधी खात्री करावी. उगाच आपल्यात वाईटपणा नको.’ त्या स्टुलाकडे बघून माझ्या पोटात गोळा आला.

सेक्रेटरींना गाठलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, पावसाचं पाणी किंवा बाहेरच्या सामाईक पाइपची गळती असेल तर सोसायटी बघते, घराच्या आतल्या बाथरूमची गळती ज्याची त्याने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची. आदर्श उपविधींत तसंच आहे. मुद्दा बरोबरच होता, त्यात वाद नाही.

मग काचवाल्याला फोन. मी सगळं सांगितलं, कुठे ओलं होतं, किती होतं, कधी होतं. तो म्हणाला, ‘साहेब आहेत का? त्यांना द्या ना फोन.’ साहेब ऑफिसात होते. साहेबांना तर पाणी पॅसेजच्या कुठल्या कोपऱ्यात येतं हेही सांगता आलं नसतं! शेवटी तो मलाच म्हणाला, ‘मॅडम, काचेला काही होत नाही. घरातल्या लेडीज शॉवर डायरेक्ट काचेवर मारतात, मग पाणी बाहेर जाणारच.’

शॉवर मारायचा तरी कुठे? छतावर?

त्याआधी एक प्लंबर येऊन गेला होता. त्याने दहा मिनिटांत उंबऱ्याच्या बाहेरच्या कडेला व्हाइट सिमेंट भरलं आणि ‘आता बघायचं काम नाही’ म्हणून निघून गेला. पंधरा दिवसांत त्याला केसाएवढी चीर पडली. पडणारच होती. काच, अ‍ॅल्युमिनियम आणि दगड गरम पाण्याने आपापल्या मापाने फुगतात, आकसतात. व्हाइट सिमेंट कडक, ते हलत नाही, ते तडकतं. म्हणून तर तिथे रबरासारखं ताणलं जाणारं सिलिकॉन लागतं. हे मला नंतर कळलं. पण त्या प्लंबरला कळायला हवं होतं, नाही का?

मैत्रिणींनो, मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. घरात पाणी गळलं की पहिला संशय वस्तूवर जात नाही, बाईवर जातो. हिने नीट पुसलं नसेल, नळ नीट बंद केला नसेल, पाणी फार वापरलं असेल. गाडीखाली ऑइलचा डाग दिसला तर ‘जमीन नीट पुसत जा’ असं कोणी ड्रायव्हरला सांगत नाही. गाडी गॅरेजला जाते. बाथरूमच्या बाबतीत मात्र फडकं हेच गॅरेज! आणि त्या फडक्यामुळेच दोष झाकला जातो. दीड वर्ष आम्ही बायका रोज पुसत राहिलो, म्हणून आमच्या घरात कोणाला डाग दिसला नाही. तीन दिवस कोणीच पुसलं नसतं, तर सगळं घर डबक्यात उभं राहून कारण शोधायला लागलं असतं.

रात्री लेकीला फोन केला. ती बंगळुरूला असते. म्हणाली, ‘आई, तूच कर ना. तू मेंदीचा कोन धरतेस तसंच आहे ते. पण आधी गळतंय कुठून ते नक्की कर.’

ते नक्की करायला मी रांगोळी वापरली. हसू नका. रात्रभर पंखा लावून बाहेरची फरशी अगदी खडखडीत वाळवली आणि उंबऱ्याच्या बाहेरून कोरड्या रांगोळीची सलग रेघ ओढली. ओली झाली की रांगोळी गडद होते, लपवायला काही जागाच नाही. पहिल्या दिवशी नहाणी ट्रॅपमध्ये फडक्याचा बोळा घातला आणि आत दोन इंच पाणी चोवीस तास तुंबवून ठेवलं. खाली काकू त्यांच्या पेन्सिलीसकट पहाऱ्यावर. रेघ कोरडी, काकूंचा डाग जिथल्या तिथे. एका दिवसाने शंभर टक्के खात्री होत नाही, पण फरशीखालचं वॉटरप्रूफिंग बहुधा शाबूत आहे, एवढा धीर आला. इथेच पाणी खाली उतरलं असतं, तर सिलिकॉनने काही भागलं नसतं. फरशी उखडण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी मगाने पाणी ओतत गेले. आधी दारावर. दाराखालची प्लास्टिकची पट्टी पिवळी, कडक झालेली, तिथून चार थेंब आले. ती पट्टी बदलली, तो प्रश्न मिटला. मग भिंत आणि काच जिथे मिळतात त्या उभ्या सांध्यावर. काही नाही. मग काचेच्या पायाशी, आतल्या कोपऱ्यात, जिथे जुनं सिलिकॉन काळं पडून सुटलं होतं तिथे. पाच मिनिटं झाली आणि रांगोळी भिजली. पण त्या कोपऱ्यासमोर नाही! चांगली वीतभर पलीकडे, बरोबर त्या व्हाइट सिमेंटच्या चिरेपाशी.

म्हणजे पाणी शिरत होतं एकीकडून आणि निघत होतं दुसरीकडून, काचेच्या खालून. मावशींनी सांगितलं होतं तेच.

कारण वाचत गेल्यावर उलगडलं. चॅनेलच्या आतल्या कडेलाही सिलिकॉन होतं आणि बाहेरच्या कडेलाही. आतलं एका कोपऱ्यात सुटलं, पाणी चॅनेलखाली गेलं, पण बाकी आतली कड बंद असल्यामुळे त्याला परत यायला वाट नाही. मग साठून साठून ते बाहेर फुटलं. चॅनेलवाल्या शॉवरच्या सूचनापत्रकांत बहुधा लिहिलेलं असतं की खालची कड बाहेरून सलग बंद करा, आतून करू नका. आत शिरलेलं पाणी परत आतच वाहून जायला हवं. आमच्या उंबऱ्याला नशिबाने आतल्या बाजूला किंचित उतार होता. दोन्हीकडून बंद केलं की जास्त सुरक्षित, असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं.

हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ‘मिस्त्रीला पाठवा मॅडम, त्याला माहीत असतं.’ मी म्हटलं, ‘मिस्त्री मीच आहे. बाथरूमचं, बुरशी न धरणारं सिलिकॉन द्या, आणि न्यूट्रल क्युअर द्या, मार्बल आहे.’ स्वस्तातल्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो. ते आम्ल मार्बलला खातं, म्हणून हा हट्ट. त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि माळ्यावरून खोका काढला. नळी, गन, मास्किंग टेप मिळून 610 रुपये. व्हाइट सिमेंटवाल्याला मी 800 दिले होते.

खरं काम सिलिकॉन लावण्याचं नसतंच, जुनं काढण्याचं असतं. नवं सिलिकॉन जुन्याला धड चिकटत नाही, त्यामुळे ‘वरून एक थर मारून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. कटरने दोन्ही कडांना चिरा देऊन मी ते पट्ट्यांसारखं ओढून काढलं. व्हाइट सिमेंट खरवडलं. काचेला आणि चॅनेलला मात्र हात लावला नाही. टफन्ड काच तोंडावर दणकट, पण कडेला टोला बसला तर सगळीच्या सगळी चुरा होते. पट्ट्या निघाल्यावरही एक पातळ, बुळबुळीत पापुद्रा उरतो, तो बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. तो काढताना माझी कंबर मोडली. तीन तास! मग स्पिरिटने पुसलं आणि रात्रभर वाळू दिलं. दमट जागेवर लावलं की ते धरत नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या कडेला वर-खाली मास्किंग टेप लावली, नळीचं टोक तिरकं आणि बारीक कापलं, आणि गन हातात घेतली. गन म्हणजे आपला सोऱ्याच. दाबलं की मागून दट्ट्या पुढे येतो. फक्त थांबताना मागची पट्टी दाबून दट्ट्या सैल करावा लागतो, नाहीतर हात काढला तरी चकली येतच राहते! माझी पहिली हातभर रेघ इतकी गाठाळ आली की पुसून टाकली. दुसरी जमली. हात थांबवायचा नाही, दाब बदलायचा नाही. मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एका दमात फिरवलं आणि वर साय धरायच्या आत टेप ओढून काढली. पांढरी, सरळ, गुळगुळीत कड. खोटं कशाला बोलू, मी तिचा फोटो काढला.

सासूबाई बादली घेऊन बेसिनपाशी आंघोळीच्या तयारीत उभ्या होत्या. त्यांना तिथून परत फिरवून शेजारच्या वहिनींकडे पाठवावं लागलं. ‘शोकेस वाळतंय का?’ त्या म्हणाल्या.

इथे लेख संपवता आला असता. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगायला मला जड जातंय.

मागच्या दिवाळीत वरच्या मजल्यावरच्या वहिनींना कामाला बाई हवी होती. त्यांनी मला विचारलं, ‘तुमच्या मावशी कशा आहेत?’ मी म्हटलं, ‘चांगल्या आहेत हो, हात स्वच्छ आहे. पण पाण्याचं जरा... पुसायला कंटाळा करतात.’ वहिनींनी दुसरी बाई ठेवली. मावशींना ते काम हवं होतं. त्यांच्या मुलाची फी भरायची होती, हे मला माहीत होतं.

काचवाल्याने माझं ऐकलं नाही म्हणून मी आठवडाभर फणफणत होते. ज्या बाईचे हात रोज त्या पाण्यात असतात, तिने मला एका वाक्यात दोष आणि जागा दोन्ही सांगितलं होतं. मी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. माझ्या आणि काचवाल्याच्या वागण्यात नेमका काय फरक होता, हे मला अजून शोधून सापडलेलं नाही. त्याने निदान माझं कुठलं काम तरी घालवलं नाही.

रविवारी संध्याकाळी वर जाऊन वहिनींना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, पण आता आमची ती बाई रुळली आहे.’ बरोबरच आहे. त्या बाईला कशी काढणार?

सोमवारी मावशी आल्या. मी चहा टाकला, दोन कप. म्हटलं, ‘मावशी, तुम्ही सांगितलं होतंत ते बरोबर होतं. पाणी काचेच्या खालूनच येत होतं. मी उगाच तुम्हाला बोलत राहिले.’ वहिनींकडचंही सांगितलं. त्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, ‘वाटलंच होतं मला. तिथं कोणीतरी काहीतरी सांगितलं असणार म्हणून.’ एवढंच. ‘जाऊ द्या’ असं त्या म्हणतील, अशी मी वाट बघत होते. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत.

चहा पिऊन त्या बाथरूमशी गेल्या, वाकून उंबरा बघितला. अंगठ्याने न दाबता नुसतं जवळून, बाजूने. ‘ताई, हे भिंतीपाशी राहिलंय की थोडं.’

चष्मा लावून बघितलं. काडेपेटीतल्या काडीएवढी फट. मी फोटो काढला तोही दुसऱ्या टोकाचा! तेवढ्या जागेचं कालचं टोक कापलं, स्पिरिटने पुसलं, वाळू दिलं, टेप लावली. गन उचलली तर गुडघ्यामुळे त्या कोपऱ्यात मला नीट बसता येईना. मावशींनी हात पुढे केला. ‘द्या इकडं. कुठं दाबायचं?’

मी दाखवलं आणि मोबाईलचा टॉर्च धरून उभी राहिले. त्यांनी एका दमात रेघ ओढली, बोट फिरवलं, टेप काढली.

‘हे वाळायला किती वेळ?’

‘उद्या सकाळपर्यंत तरी.’

‘म्हणजे आज बाथरूम धुवायचं नाही?’

‘नाही.’

‘बरं,’ म्हणाल्या आणि भांड्यांकडे वळल्या.

काकूंच्या छतावरची शेवटची रेघ 9 फेब्रुवारीची आहे. रंग इतक्यात काढू नका, आतलं पूर्ण वाळू दे, असं मी त्यांना सांगितलंय. त्या अजून स्टुलावर चढून बघतात, म्हणून आता दर शनिवारी मीच खाली जाऊन बघून येते.